इंदुमावशीचा फ्रिज, माझ्या नावावर

रविवार, ५ जानेवारी

कंपनीत डायऱ्या येतात त्या साहेबलोकांसाठी. आम्ही स्टोअरवाले, आमच्या वाट्याला भिंतीवरचं कॅलेंडर. यंदा एक डायरी जास्तीची आली आणि चार दिवस माझ्या टेबलावर पडून राहिली, म्हणून घरी आणली. यशोधरा म्हणाली, "तुम्ही काय लिहिणार त्यात?" म्हटलं, सुचेल ते. ती हसली. हल्ली ती कमी हसते, म्हणून पहिली नोंद तिच्या हसण्याची.

दुपारी जेवून गॅलरीत डोळे मिटून बसलो. आमच्या सुजाता निवासात बारा बिऱ्हाडं. त्यातल्या सात घरांत माझ्या क्रेडिट कार्डावर आलेली एक तरी वस्तू आहे. डोळे मिटले की त्या ऐकू येतात. खाली मायाताईंचं शिलाई मशीन, वर राजूचा टीव्ही, आणि भिंतीपलीकडे इंदुमावशीच्या फ्रिजची बारीक घरघर. ऐकता ऐकता झोप लागते. अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत इतक्या सुखाची झोप कुणाला लागत नसेल.

कारण साधं आहे. बिल्डिंगीत पगाराची चिठ्ठी मिळणारा मी एकटा, त्यामुळे बँकेने कार्ड मला दिलं, रिक्षावाल्याला आणि भाजीवालीला नाही. मग ज्याला जे हवं त्याच्यासाठी दुकानात माझं कार्ड घासायचं, बिनव्याजी हप्ते बांधून घ्यायचे, आणि ज्याची वस्तू त्याने दर एक तारखेला रोख हप्ता माझ्या हातात द्यायचा. तो मी बँकेत भरायचा. सरळ मामला.

लिहिताना सरळच वाटतो.

गुरुवार, ९ जानेवारी

कामावरून परस्पर उल्हासनगरला मुकेशकडे गेलो. त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, चार माणसं उभी राहिली की पाचव्याने बाहेर थांबायचं. कव्हरं तो विकतो, पण त्याचा खरा धंदा रोटेशनचा. माझं कार्डाचं सगळं बिल तो त्याच्या पैशाने भरतो आणि लगेच तेवढीच रक्कम त्याच्या मशीनवर माझ्या कार्डातून काढून घेतो, वर शेकडा अडीच त्याचे. बँकेला वाटतं बिल चुकतं झालं. महिनाभर सगळं शांत.

आज एक लाख शहाऐंशी हजार फिरले. मी मशीनकडे बघतही नाही, मी दुकानात टांगलेल्या कव्हरांकडे बघत राहतो. त्यांच्यावर समुद्र असतात, डोंगर असतात, बर्फ असतो.

"साईं, टेन्शन काय को लेता है?" मुकेश म्हणाला. "पाणी वाहतंय ना? वाहू दे. थांबलं की वास येतो."

मला पटलं ते.

शनिवार, १ फेब्रुवारी

इंदुमावशी सकाळीच सतराशे पन्नास रुपये घेऊन आली. सोळावा हप्ता. तिच्या नोटांना लसणाचा वास असतो. मूळची चामटोलीची, नवरा गेल्यावर इकडे आली. दिवसभर घरात बसून भाजी निवडते आणि संध्याकाळी स्टेशनच्या पुलाखाली बसून पुड्या विकते. मेथी, सोललेला लसूण, मोड आणून सोललेले वाल. कामावरून परतणाऱ्या बाया धावत येऊन घेतात. फ्रिज नव्हता तेव्हा उरलेला माल फेकावा लागायचा. गेल्याच्या आधीच्या दसऱ्याला मी तिला फ्रिज घेऊन दिला, तेव्हा तिने दुकानातच माझी अलाबला घेतली. दुकानदार बघत राहिला.

हे सतराशे पन्नास आज भरायचे असं ठरवून निघालो. वाटेत विहाराच्या पत्र्यांसाठी वर्गणी मागायला पोरं आली. पाचशे दिले. ताईचा फोन आला, भाच्याची परीक्षा फी. हजार पाठवले. उरले त्यात यशोधरेला गजरा आणि पाव किलो मटण.

खरं लिहायचं तर दर महिन्याला असंच होतं. सात घरांचे पैसे माझ्या हातात येतात आणि बँकेपर्यंत पोचत नाहीत. मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. मला फक्त "नाही" म्हणता येत नाही. बाबा काडेपेटीच्या कारखान्यात होते. महिनाअखेरीला उधारीवर तांदूळ मागायला ते मला बरोबर न्यायचे, पोर बघून वाणी कमी ओरडेल म्हणून. तरी तो ओरडायचाच. तेव्हापासून मला वाटतं की कुणी काही मागितलं आणि आपल्याला देता आलं, यापरतं सुख नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मुकेशचं मशीन बंद झालं. त्याच्या बँकेला संशय आला. तो म्हणाला, "अपना तो हो गया, दीपभाई. आता तू तुझं बघ." आणि एका मुलीला फुलपाखरांचं कव्हर दाखवायला लागला.

बिल एक लाख नव्वद. मी बाहेर पडून बराच वेळ फर्निचरच्या बाजारात फिरलो. दुकानांच्या बाहेर पलंग मांडलेले असतात, त्यावर गाद्या, गाद्यांवर प्लॅस्टिक. एका पलंगावर बसलो तर दुकानदार म्हणाला, "हप्त्यावर पण मिळेल." मी हसलो. त्याला कारण कळलं नाही.

पगाराच्या खात्यावर बँकेने सव्वा लाखाचा ओव्हरड्राफ्ट दिलाय. म्हणजे खात्यात शून्य असलं तरी सव्वा लाखापर्यंत उचलता येतात. मोबाइलवर 'उपलब्ध रक्कम' म्हणून एकच आकडा दिसतो, त्यात माझे किती आणि बँकेचे किती हे वेगळं दिसत नाही. म्हणून मीही वेगळं धरत नाही. ऐंशी हजार आधीच उचलले होते. राहिलेले पंचेचाळीस आज कार्डावर भरले. एका खिशातलं दुसऱ्या खिशात, आणि दोन्ही खिसे बँकेचे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. शिवमंदिराच्या जत्रेला गाव लोटलंय. गॅलरीतून माणसांचा नुसता गलका ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. ऐकत बसलो. इंदुमावशीने आज रताळी उकडून विकली, चांगली खपली म्हणे. यशोधरेने विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

म्हटलं, काही नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पगार झाला. अडतीस हजार सकाळी दहाला आले आणि ओव्हरड्राफ्टात बुडाले, खात्यात उणेचं चिन्ह तसंच. मग किराणा, लाइट बिल, दूध, असं करत त्यातलेच परत उचलले.

रविवार, १६ मार्च

बारवी धरणाकडे गेलो होतो, एकटाच. अधूनमधून जातो. मोबाइल बंद करून पाण्याकडे बघत बसायचं. घरी फोन चालू ठेवला की तीन-तीन वेगळ्या नंबरांवरून बँकेची माणसं बोलतात. सुरुवातीला 'सर' म्हणायची. आता 'सर' गेलं. मी उचलणं सोडलंय. पोस्टाने बँकेची पाकिटंही येतात, ती यशोधरा घेऊन ठेवते, मी बघत नाही.

त्या पाण्याखाली जुने पाडे आहेत. उन्हाने डोळा लागला आणि स्वप्न पडलं. मी पाण्याखाली चालतोय आणि पाड्यातल्या घरांत बिल्डिंगीतल्या सगळ्या वस्तू मांडल्यात. इंदुमावशीच्या फ्रिजचं दार उघडं आणि आतला दिवा चालू. त्या उजेडात मेथीच्या जुड्या हळूहळू हलतायत. मला जराही भीती वाटली नाही. वाटलं, इथेच राहावं, इथे पोस्टमन येणार नाही. जागा झालो तेव्हा एक म्हातारा म्हशी हाकत चालला होता. म्हणाला, "घरला जा बाबा, ऊन डोक्यात जाईल."

शुक्रवार, २१ मार्च

यशोधरेच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. म्हणाली, पॉलिशला दिल्यात. तिला हल्ली बाईमाणसांची सोबत लागते असं दिसतं. रोज दुपारी इंदुमावशीकडे लसूण सोलायला जाऊन बसते. नखं काळी पडलीत. मी म्हटलं, "बरं आहे, वेळ जातो तुझा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगायचं काही असेल तर सांगा हं. मी ऐकून घेईन."

मी म्हटलं, "तू फार विचार करतेस."

शुक्रवार, २८ मार्च

आनंदाची बातमी! मोबाइलवर बघतो तर उपलब्ध रक्कम चाळीस हजारांनी वाढलेली. कंपनीच्या पगारवाढीच्या कराराचे एरियर्स येणार अशी कुजबुज दोन वर्षं चाललीय, तेच आले असणार. नोंद मात्र 'रोख जमा, अंबरनाथ पश्चिम शाखा' अशी आहे. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी रोख का भरली कोण जाणे, त्यांची तऱ्हाच उलटी. स्टोअरमध्ये अजून कुणाचे आलेले नाहीत, म्हणून मी गप्प राहिलो. उगाच नजर लागायची.

घरी आल्या आल्या यशोधरेला म्हटलं, "आपले दिवस फिरले." तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, "कळलं तुम्हाला?" म्हटलं, "मोबाइलवर दिसलं. कंपनी शेवटी झुकली." ती पोळ्या लाटायला लागली.

मंगळवार, १ एप्रिल

अठरावा हप्ता, शेवटचा. इंदुमावशीने पैशाबरोबर नारळाच्या वड्यांचा डबा दिला. म्हणाली, "फिटला रं बाबा. आता माजा तो." मी म्हटलं, तुझाच होता मावशी. तिचे डोळे भरले, माझेही भरले. खोटे नव्हते भरले, हे इथे लिहून ठेवतो.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. एरियर्सच्या जोरावर अकरा हजार दिले. स्टेजवरून नाव घेतलं, "आपले धम्मदीप कांबळे!" निळे कंदील, निळा गुलाल, पोरं नाचतायत. बाबा म्हणायचे, ऋण काढून सण करू नये. पण हे ऋण थोडंच आहे?

यशोधरा बायांमध्ये बसली होती. नाव घेतलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने नाही वाजवल्या. दमली असेल.

बुधवार, २३ एप्रिल

हे लिहू की नको, असं करत तासभर बसलोय.

इंदुमावशी आली. कार्डाच्या अर्जावर ओळखीचा नंबर म्हणून मी तिचा दिला होता, शेजारचा आणि भरवशाचा. मी उचलत नाही म्हणून बँकेच्या माणसाने तिला फोन केला. कार्डाचे हप्ते थकलेत, कांबळेंना सांगा, म्हणाला. तिला एवढंच कळलं की कार्डाचे हप्ते थकलेत. आणि कार्डावर तिच्या माहितीतला हप्ता एकच, तिचा.

"धम्मा, माजाच कुटंतरी चुकला असंल रं," ती म्हणाली. "तुज्या नावाला बट्टा माज्यामुळं लागला." आणि सतराशे पन्नास पुढे केले.

मी म्हणायला हवं होतं, तुझे सगळे आले मावशी. तोंड उघडलंसुद्धा. पण बाहेर आलं ते असं, "व्याज धरलं असेल बँकेने. ते लोक असेच."

आणि पैसे घेतले.

लसणाचा वास अजून बोटांना आहे. साबण लावला दोनदा.

गुरुवार, १ मे

ती परत आली. परत सतराशे पन्नास. मी परत घेतले. तिने विचारलं, "अजून किती येतील?" म्हटलं, बघतो.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा बोलावं लागत नाही, नुसता हात पुढे केला की झालं.

शनिवार, ३ मे

स्वप्नं बंद झाली. दुपारी डोळे मिटले तरी झोप नाही. मशीन, टीव्ही, सगळ्यांचे आवाज येतात. भिंतीपलीकडची घरघर मात्र आज ऐकू आली नाही. वीज असेल गेलेली, म्हटलं. पण आमच्याकडे पंखा चालू होता.

रविवार, ४ मे

सकाळी दार वाजलं. इंदुमावशी. मागे राजू आणि त्याच्या मित्राने गॅलरीत तिचा फ्रिज आणून ठेवलेला. आतून-बाहेरून पुसलेला, दाराला सुतळी बांधलेली.

"हा घे," ती म्हणाली. "बँकेला देऊन टाक. काल परत फोन आला. आज रविवारी माणूस दारात पाठवतो म्हणाला. बिल्डिंगीत तुजी अब्रू जायला नको."

"आणि तुझी भाजी?"

"पयल्यावानी. उरंल ती फेकायची."

राजू म्हणाला, "दादा, लवकर बोल, कुठे ठेवू? परत उचलायचाय."

फ्रिजच्या दारावर वरच्या कोपऱ्यात लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या, तीन ओळी. मावशीला लिहिता येत नाही. हप्ता दिला की घरी जाऊन एक टिकली लावायची. तिने माझ्यासमोर बोट ठेवत मोजल्या. वीस भरल्या. परत मोजल्या, परत वीस. "मंजे मला मोजायलाच येत नाय बघ," ती म्हणाली आणि हसली. स्वतःलाच हसली.

ते हसणं मला सहन झालं नाही. मी गॅलरीतच खाली बसलो.

"मावशी, तुला मोजता येतं. अठराच लागत होते. तू सगळे दिलेस, वेळेवर दिलेस. मी भरले नाहीत. खर्च केले. तुझेही आणि सगळ्यांचेही. वरचे दोन तर मी नुसतेच घेतले."

राजूने फ्रिजवरचा हात काढला.

मावशी टिकल्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने एकच विचारलं, "मी तुला म्हनले की माजाच चुकलं, तवा तू माज्या तोंडाकडं बघत होतास ना?"

"हो."

"आनि तरी घेतलेस."

"हो."

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वाण्याकडे बाबांचा हात धरून मी मान खाली घालून उभा राहायचो, तसा मी तिच्यापुढे बसलो होतो. फरक एवढाच की तेव्हा आम्ही काही खाल्लेलं नव्हतं.

"लिवून दे," ती म्हणाली.

मी ही डायरी आणली. मधलं एक पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: श्रीमती इंदुबाई यांनी फ्रिजचे अठरा हप्ते पूर्ण दिले आहेत. फ्रिज त्यांचा आहे. त्यांच्याकडे एक रुपयाही बाकी नाही. त्यांचे पैसे मी बँकेत न भरता खर्च केले. खोटं सांगून दोन हप्ते जास्त घेतले, ते साडेतीन हजार मी परत देणे आहे. धम्मदीप कांबळे.

"वाचू का, मावशी?"

"तू नको. तू तुला पायजे तसं वाचशील." तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "यशोधरे, जरा भाईर ये गं."

इतके महिने ज्या एका माणसापासून सगळं लपवलं, तिच्या हातात मावशीने तो कागद दिला. यशोधरेने ओले हात साडीला पुसले. हातांत पाटल्या अजून नव्हत्या. वरपासून खालपर्यंत आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, रेशनच्या दुकानावरची सूचना वाचावी तशा आवाजात. मध्ये कुठे थांबली नाही. 'खर्च केले' वर नाही, 'खोटं सांगून' वरही नाही. वरच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून ऐकत होतं, खालचं शिलाई मशीन थांबलं होतं.

वाचून झाल्यावर ती रडेल, घरात निघून जाईल, असं मला वाटत होतं. तिने कागद परत एकदा पाहिला.

"बरोबर आहे, मावशी. खरं लिहिलंय," ती म्हणाली. "पण यावर तारीख नाही."

आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी तारीख घातली.